डफाचं लुगडं

चतुराबाईच्या डफाची गवसणी जांभळ्या रंगाची आहे आणि तिला चार बोटं जरीचा काठ आहे. डफाला गोणपाटाची नायतर फाटक्या धोतराची खोळ असावी, हा आजवरचा रिवाज. चतुराबाईचा डफ मात्र लुगडं नेसतो. कुणी नवखा माणूस कौतुकानं विचारतो, "बाई, एवढं भारी कापड कुठून आणलं?" तवा ती तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सारते आणि सांगते, "आणलं नाय. काकासाहेबानं नेसवलंय."

काकासाहेब म्हंजे बोरदरीतल्या देशी दारूच्या दुकानाचा मालक. त्यानं हिच्या डफाला लुगडं काहून नेसवावं, हे गावात शेंबड्या लेकरालाबी ठाऊक आहे. पण ते नीट समजायचं तर बाईच्या हातात डफ आला कसा, तिथपासून धरावं लागतं.

बोरदरी खुलताबादच्या डोंगराखाली. रझाकार पांगले, फौज औरंगाबादेत शिरली, त्याच पंधरवड्यात चतुरा जन्मली. बाप फकिरा जलशात डफ वाजवायचा. खुलताबादच्या उरुसापासून फर्दापूरच्या बाजारापर्यंत त्याची थाप लोकं डोळे मिटून वळखायचे. त्याला दोन लेक होते, पण एकाचा हात तालाच्या पुढं पळायचा आणि दुसऱ्याचा मागं राहायचा. ताल उतरला तो लेकीत. सात वर्षांची चतुरा भाकर थापायची तीसुद्धा चार मात्रांत. फकिरानं तिच्या हातात डफ दिला तशी भावकी गोळा झाली.

"फकिरा, पोरीच्या हातात डफ? उद्या मिशा लावून हिंडंल ती."

"तालाला मिशा नसत्यात," फकिरा म्हणाला. "असत्या तर तुमच्या एवढ्या मिशांत एक तरी ताल घावला असता."

बहात्तरच्या दुष्काळात चतुरा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. बायांची तान्ही लेकरं तापल्या मुरमावर पडलेली. मुकादमाची काळी छत्री मात्र बांधावर रवलेली आणि तिच्याखाली मुकादम पाय पसरून बसलेला. चतुरानं जागच्या जागी गाणं बांधलं.

*लेकरू माझं उन्हात गं,*
*छत्री बसली थाटात गं!*

दुपारपर्यंत दोनशे बाया तेच म्हणू लागल्या. मुकादम तणतणत आला. "ए बाई, गाणं बंद. नायतर उद्यापासून तोंड दाखवू नको."

दुसऱ्या दिवशी चतुरा तोंड दाखवायला आली आणि ते मिटून बसली. हातोडा मात्र गाण्याच्याच ठेक्यावर पडू लागला. तिचा बघून शेजारणीचा, शेजारणीचा बघून पलीकडचीचा. शब्द मुकादमाला पाठच झाले होते. हातोडा पडला की त्याच्या कानात 'छत्री' वाजायची.

"अगं बंद करा तुमच्या मायला!" तो वरडला.

"काय बंद करावं, मुकादम?" चतुरानं विचारलं. "काम?"

चौथ्या दिवशी लेकरांसाठी पळसाच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहिला.

पुढं नामांतराच्या सत्याग्रहात ती हर्सूलच्या जेलात गेली, तवा डफ दारातच काढून घेतला. तिनं जर्मनच्या थाळीवर ताल धरला. थाळी काढून घेतली, तर मांडीवर धरला. "जमादारीणबाई," ती म्हणाली, "आता मांडी जमा करून घ्या आन पावती द्या."

नवरा बन्सी ढोलकीवाला. बोटं सोन्याची, पण काकासाहेबाचं दुकान पाराशेजारी उघडलं आणि बन्सीचा आधी ताल गेला, मग तोल गेला, मग बन्सी गेला. चतुरानं त्याच्यावर गाणं केलं नाही. मेलेल्याला काय समजावून सांगायचं? तिची नजर जित्यांवर होती. पाराशेजारून पाण्याला जायची बायांची वाट. तिथं संध्याकाळ झाली की पोरीबाळींना मान वर करता येईना. गावातली निम्मी तरणी माणसं बजाजनगरला कंपनीत, आणि उरलेली निम्मी काकासाहेबाच्या फळकुटावर.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. औरंगाबादला एका मोर्च्यात चतुराबाईला कायदा कळला. पाव हिश्शाच्या बायांनी सह्या-अंगठे करून दरखास्त दिली की सरकार गावात फक्त बायांचं मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हंजे दुकान चालू. आडवी बाटली म्हंजे दुकान बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर ठप्पा मारला की कुलूप.

बोरदरीच्या यादीत बाया चारशे छत्तीस. पाहिजेत दोनशे एकोणीस. चतुराबाई तेव्हा पंचावन्नाच्या पुढं, समोरचे तीन दात गेलेले. तिनं डफ शेकला आणि गाणं केलं.

*उभी बाटली गावाची वैरी गं,*
*आडवी बाटली आपली सोयरी गं,*
*ठप्पा मार, बाई, आडवीवरी गं!*

महिनाभर गल्लीगल्लीत तेच गाणं. काकासाहेबाच्या घरची भांडेवालीसुद्धा ताट घासताना ते गुणगुणायची. काकासाहेब एकदा पारावरून हसला, "चतुराबाई, तुझाच बन्सी माझं पहिलं गिऱ्हाईक. इसरलीस काय?"

"इसरते कशी? तुमच्या दुकानाचा पत्ता त्यानंच तर दावला."

मतदान झालं. सरकारी साहेबानं शाळेच्या ओसरीत मोजणी केली आणि कागद वाचला. आडवी, दोनशे एक. उभी, एकशे चार.

अठरा बाया कमी पडल्या. आता वरीसभर दुसरी दरखास्त चालणार नव्हती.

अठरा नाही आल्या, हे चतुराबाईला समजलं असतं. पण उभीवर एकशे चार? काकासाहेबाच्या भावकीतल्या, दुकानावर पोट असलेल्यांच्या, सगळ्या धरल्या तरी साठ भरत नव्हत्या. बाकीच्यांनी दुकानाला मत दिलं तरी कशासाठी? रोज मार खाणाऱ्या बायांनी? ती घरी गेली आणि भाकर न खाता बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात बँड वाजू लागला. लग्नसराई नव्हती. बँडच्या पुढं दुकानावरचा माणूस, कारभारी, डोक्यावर ताट घेऊन चाललेला. ताटात नारळ, खण आणि जांभळं जरीकाठी लुगडं. अख्खं गाव मागं. वरात थेट चतुराबाईच्या दारात थांबली.

"शाहिरीणबाई," कारभारी पाठ केलेलं बोलला, "तुमच्या गाण्यानं आमचं दुकान तारलं. काकासाहेबांनी सत्कार धाडलाय."

माणसं फिदीफिदी हसली. बाया खाली बघू लागल्या. आता ही ताट भिरकावणार, शिव्या घालणार, म्हणून सगळे वाट बघत होते. काकासाहेबालाही तेच पाहिजे होतं. भिरकावलेल्या ताटाची गोष्ट तो चार गावं सांगत फिरला असता.

चतुराबाईनं लुगडं उचललं. पदर दोन बोटांत धरून चुरगाळून बघितला.

"रंग पक्का हाय का रं?"

कारभाऱ्याला हे पाठ नव्हतं. "व्हय... पक्का हाय."

"मंग ठेव. नारळ घेऊन जा, मला दात नाय."

वरात पांगली. चतुराबाई लुगडं काखेत मारून सरळ बिल्किसच्या घरी गेली. बिल्किस चार घरं सोडून राहायची, शिलाई मशीन चालवायची, आणि तिच्या आज्जीची जात्यावरची दखनी गाणी तिला तोंडपाठ होती. दोघींची चाळीस वर्षांची भांडणं आणि चाळीस वर्षांचा चहा.

"ये ले ली तू?" बिल्किस कडाडली. "उस मुए की साडी? नाक कटाके आई?"

"नाक हाय जागेवर. कात्री काढ. माझ्या डफाची गवसणी शिव. काठ वर आला पायजे, सगळ्यांला दिसंल असा."

कात्री चालू झाली तशी चतुराबाईनं डफ मांडीवर घेतला, एकदा तळहात फिरवला आणि बोलली, "दुकानाला कुलूप पडंस्तोवर हा लुगड्याभाईर येणार नाय."

बिल्किसची कात्री थांबली. "साल भर? बगैर डफ के तू गाएगी कैसा?"

"मांडी हाय की."

तेवढ्यात दारात मनकर्णाबाई आली. सत्तरीची म्हातारी, नवऱ्याच्या लाथेनं एक पाय ओढत चालणारी. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चतुरे, वाईट वाटून घेऊ नको बाई. म्या तर बराबर मत दिलं. तू चुकली व्हतीस, तरी म्या सुधरून घेतलं."

"म्या चुकली? काय चुकली?"

"अगं गाण्यात. गायच्या भरात उलटंपालटं झालं तुझं. व्हतं कुणाचंबी. तू मनायलीस उभी वैरी आन आडवी सोयरी. आता माझ्या घरात आडवी बाटली कुठं असती? कणगीमागं. भरलेली, बूच घट लावून, लेकरावानी निजवून ठेवलेली. मेला तिला हात लावू देत नाय. आन उभी कोणती? प्यालेली, खंगाळलेली, राकेल आणायला दारात ठेवलेली. मंग वैरी कोण? आडवीच की! म्या मनलं, चतुरा चुकली, आपुन शानपण करावं. मारला ठप्पा उभीवर."

बिल्किसनं कपाळावर हात मारला.

चतुराबाई हळूच बोलली, "मावशे, तुझ्यासंगं अजून कुणी केलं असलं शानपण?"

"आमच्या आळीतल्या समद्यांनी! म्याच सांगितलं की त्येंला. तुझी अब्रू जाऊ नये मनून बोललो नाय."

चतुराबाईला हसू फुटलं आणि ते बराच वेळ थांबेना. मनकर्णाबाई घाबरली. बायांनी दगा दिला नव्हता. त्यांनी तिचं गाणं दुरुस्त केलं होतं. सरकारी साहेबानं 'आडवी' म्हटलं, तिनं तो शब्द आहे तसा डफावर चढवला. ज्या घरात बाटली रोज आडवी निजते, त्या घरात तो शब्द काय ऐकू येईल, हे तिनं कुणाला विचारलं नाही. चाळीस वर्षं गाऊन ही चूक! मनकर्णाबाईच्या पाया पडावं की तिचे झिपरे धरावे, हे तिला कळेना. तिनं म्हातारीला चहा पाजला.

मग वरीसभर चतुराबाई गावात हिंडली. काखेत लुगडं नेसलेला डफ आणि हातात काकासाहेबाच्या दुकानातली एक रिकामी बाटली. डफ बघून माणसं टोमणे मारायची, "बाई, नवरी मुकी हाय का?" ती म्हणायची, "सासर पसंत नाय तिला." घरात शिरून ती बाटली जमिनीवर आडवी ठेवायची आणि घरच्या बाईला विचारायची, "ही काय करायली?"

"निजली," एक म्हणाली.

"लपली."

"आमच्या मालकावानी पडली, सकाळी उठंल."

पन्नास घरांत पन्नास उत्तरं, आणि कुठल्याच उत्तरात बाटली मेली नव्हती. मग चतुराबाईनं बाटलीत पाणी भरलं, बूच काढलं आणि एका पोटुशी सुनेच्या अंगणात ती आडवी केली. पाणी भळभळ मातीत गेलं.

"अगं बया, कलंडली!" सून ओरडली. "सांडली सगळी!"

"काय झालं मनलीस?"

"कलंडली की."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. दूध कलंडतं, तेल कलंडतं, कालवण कलंडतं. कलंडलेलं पुन्हा भांड्यात येत नाही, हे कुठल्या बाईला शिकवावं लागत नाही. चतुराबाईनं 'आडवी' हा शब्द गाण्यातून उपटून टाकला.

*उभी उभी त्याच्या दुकानी गं,*
*कलंडली माझ्या अंगणी गं,*
*घोट घोट प्याली धरणी गं,*
*कलंडलीवर मार ठप्पा, साजणी गं!*

डफ नव्हता, म्हणून ताल मांडीवर. आणि 'कलंडली' आलं की उजवा पंजा उताणा करून बाजूला कलता करायचा, जसा हातातून पेला सुटावा. हे बायांनीच बसवलं. बिल्किसनं आपल्या मोहल्ल्यासाठी जात्याच्या चालीवर दुसरं केलं.

*खडी सो उनों की, लुढकी सो अपनी, माँ,*
*मट्टी पी गई दारू सारी, माँ!*

पंजा तिथंही तसाच कलायचा. भाषा दोन, हात एकच.

दुसरी दरखास्त गेली. तारीख पडली. आदल्या आठवड्यात काकासाहेब पारावरून बोलला, "शाहिरीणबाई, यंदा कोणत्या रंगाचं लुगडं आणू?"

"यंदा पांढरं आणा," चतुराबाई चालता चालता म्हणाली. "तुमच्या दुकानावर घालायला."

पारावरचे दोन पिणारे पोट धरून हसले. काकासाहेबानं त्यांच्याकडं बघितलं, तसे ते हसायचे थांबले. पण हसले ते हसलेच.

मतदानाच्या दिवशी बजाजनगरच्या सुना टेम्पो करून आल्या. शाळेसमोर रांग लागली. साहेबानं सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं: आवारात प्रचार नाही, घोषणा नाही, गाणं तर बिलकूल नाही. कारभारी दाराशीच उभा होता, कान टवकारून.

रांग मुकी उभी राहिली. उन्ह चढलं. मनकर्णाबाई पाय ओढत आत जायला निघाली आणि पायरीवर थबकली. मागं वळून तिनं चतुराबाईकडं बघितलं. म्हातारीच्या तोंडावर नुसता गोंधळ. कोणती गं? वरीसभर घोकलेलं साहेबाच्या टेबलासमोर सगळं पुसलं गेलं होतं.

चतुराबाईनं मांडीवर चार बोटं टेकवली आणि ठेका धरला. शेजारणीनं धरला. तिच्या पलीकडचीनं धरला. लुगड्यांवर बोटं पडत गेली, पावसाचा आवाजसुद्धा जास्त असतो. आणि दुसऱ्या ओळीला जिथं 'कलंडली' येतं, तिथं सबंध रांगेचे उजवे पंजे उताणे झाले आणि एकदम बाजूला कलले.

मनकर्णाबाईचा चेहरा उजळला. तिनंही पंजा कलता केला आणि ती तरातरा आत गेली, लंगड्या पायानं जमेल तेवढी.

"साहेब!" कारभारी किंचाळला. "गाणं चालू हाय! प्रचार चालू हाय!"

साहेब बाहेर आला. "बाई, गाणं बंद करा."

"तुमाला ऐकू आलं का, साहेब?"

"ओठ हालतायत तुमचे."

"दात नाय, साहेब. ओठ हालणारच."

"आणि हे हात कशाला हलवताय?"

"उन्ह लागायलं. घाम झटकायलाव."

"सगळ्या एकदम?"

"एकाच गावचा घाम हाय, साहेब."

साहेबानं कारभाऱ्याकडं बघितलं. "तुम्हाला गाणं ऐकू येतंय?"

कारभारी रांगेकडं बघत राहिला. बोटं टपटपत होती. "मला येतंय," तो म्हणाला. त्याच्या घाबरलेल्या आवाजात शब्द आपोआप ठेक्यावर पडला, आणि रांगेत पहिल्यांदा हसू फुटलं. साहेब आत गेला. प्रचाराच्या कायद्यात पंजा कलता करण्याचं कलम त्याला कुठं घावलं नसावं.

मोजणी झाली. उभी, अठ्ठावन्न. आडवी साहेबानं दोनदा मोजली. दोनशे सत्तेचाळीस.

"आडवी नाय, साहेब," मागून कुणी तरी म्हणालं. "कलंडली मना."

हुकूम यायला महिना लागला. ज्या सकाळी दुकानाला सील लागलं, त्या सकाळी चतुराबाई डफ काखेत घेऊन तिथं गेली. लाखेचा ठसा वाळायचा होता. तिनं पारावर बसून गवसणीची गाठ सोडली. वरीसभर बंद राहून चामडं ढिलं पडलं होतं. टिचकी मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखी बसली. डफ शेकल्याशिवाय बोलणार नव्हता.

दुकानाच्या बाजूला बाटल्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्यांच्या खोक्यांचा ढीग होता. शेजारी कारभारी, हात कुठं ठेवावे ते न कळून उभा.

"कारभारी, दोन खोकी दे."

"कशाला?"

"डफ शेकायचाय."

त्यानं एकदा बंद दाराकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. आणि दिली. भर उन्हात जाळ झाला. चतुराबाईनं डफ जाळावर फिरवला, उलटा केला, पुन्हा फिरवला. अंगठ्यानं दाबून बघितला. तोवर पाण्याच्या वाटेनं घागरी घेतलेल्या बाया थांबल्या होत्या. पलीकडच्या माडीवर काकासाहेब उभा होता.

थाप पडली तशी डोंगरापर्यंत गेली आणि परत आली. तिनं पहिलं गाणं घेतलं ते छत्रीचं, बहात्तर सालचं. मग जेलातलं. मग बाटलीचं, सगळ्या बायांसंगं, पंजा कलता करत. गळा जुनाच होता, मधे दोनदा फाटला. ती थांबली नाही.

खोकी जळून राख झाली, तवा तिनं डफ बिल्किसच्या हातात दिला. बिल्किसनं विचारलं, "अब ये साडी का क्या करना? फेंक दूँ?"

"फेकतीस काहून? चांगलं कापड हाय," चतुराबाई माडीकडं बघत मोठ्यानं म्हणाली. "नेसव त्याला. उघडा बरा दिसत नाय, काकासाहेब बघायलेत."